मुतखडा तपासायला दिला, त्याचा अनुभव

मी फोंड्याला वरच्या बाजारात टेलरिंगचं दुकान चालवते. ब्लाउज, शाळेचे युनिफॉर्म, आणि कार्तिकापासून शिगम्यापर्यंत जत्रांतल्या नाटकांचे कपडे. मला दोनदा मुतखडा झाला, एकदा मे 2021 मध्ये आणि एकदा मे 2025 मध्ये, दोन्ही वेळा डाव्या बाजूला. पहिला पडला तेव्हा मी पाणी ओतून मोकळी झाले. दुसरा मात्र लॅबमध्ये देऊन तपासून घेतला. त्या तपासणीबद्दल हे लिहिते आहे. मी शोधत होते तेव्हा "पाणी प्या" आणि "कुळथाचं सार घ्या" यापलीकडे मराठीत कुणाचा अनुभव मला सापडला नव्हता.

लॅबचं नाव देत नाही. एका मोठ्या लॅबचं फोंड्यात कलेक्शन सेंटर आहे, तिथे मी खडा दिला, पण तो तिथे तपासत नाहीत, मुंबईला पाठवतात. अशी सेंटर पणजी, मडगाव, म्हापसा सगळीकडे आहेत आणि बहुतेक ठिकाणी या तपासणीसाठी खडा घेतात. माझ्याकडून 1,400 रुपये घेतले. रिपोर्ट आठ दिवसांनी आला. पैसे वसूल झाले का? झाले, आणि वर चार वर्षांपूर्वीच हे का केलं नाही ही चुटपुट लागून राहिली. पाचपैकी चार तारे देते. एक का कापला ते पुढे लिहिलं आहे.

आधी पहिल्या खड्याचं सांगते, नाहीतर तपासणीचं मोल कळणार नाही.

लग्नसराई आणि युनिफॉर्म एकदम अंगावर आले होते. पत्र्याखालचं दुकान, दोन पंखे, इस्त्रीची वाफ. आमच्या इमारतीत बायकांसाठी नीट शौचालय नव्हतं, त्यामुळे सकाळी घरून निघताना अर्धा कप चहा घ्यायचा आणि मग दुपारी जेवताना एक पेला पाणी, हा माझा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. बाजारात बसणाऱ्या फुलकारणी, भाजीवाल्या, बांगड्यांच्या दुकानातल्या पोरी, सगळ्यांचा हाच आहे, विचारून बघा. एका पहाटे डाव्या कुशीत कळ आली. बाळंतपणाच्या कळा मी सोसल्या आहेत, त्याच जातीची. चढते, टोकाला जाते, जरा ओसरते, आणि ओसरली म्हणेपर्यंत परत चढते. कुशीतून जांघेपर्यंत उतरते. बसून बरं वाटत नाही, आडवं होऊन नाही, चालून नाही. उलट्या झाल्या. दवाखान्यात इंजेक्शन दिलं, सोनोग्राफी झाली, 4 मिलिमीटरचा खडा निघाला. चौथ्या दिवशी लघवी करताना टोचल्यासारखं झालं आणि खडा भांड्यात पडला. मी तो बघितलासुद्धा. मग पाणी ओतलं.

त्या दवाखान्यातून मला पथ्याचा एक झेरॉक्स कागद मिळाला. टोमॅटो बंद, वांगी बंद, पालक बंद, काजू बंद, दूध बंद, दही बंद, मासळी कमी, भेंडी बंद. ज्याला खडा त्याला हाच कागद. मी तो कपाटाच्या दारावर चिकटवला आणि चार वर्षं इमानानं पाळला. दूध-दही सोडलं ते सोडलंच. घरात ताक घुसळलं तरी मी घेतलं नाही. चतुर्थीला पंचामृताचा थेंबभर हातावर घ्यायचे, तोही मनात धाकधूक ठेवून. आणि चार वर्षांनी, त्याच मे महिन्यात, त्याच बाजूला, परत तीच कळ.

या वेळी ज्या डॉक्टरांकडे गेले ते मूत्ररोगाचे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ताई, मागचा खडा कसला होता?"

मी म्हटलं, "मुतखडा होता, डॉक्टर."

"ते कळलं. पण कशाचा?"

मला उत्तर देता आलं नाही. चार वर्षांत हा प्रश्न ना कुणी मला विचारला होता, ना मी कुणाला. खडा म्हणजे खडा, एवढंच मला ठाऊक. ते म्हणाले, मुतखडे निरनिराळ्या पदार्थांचे बनतात आणि एकाला जे औषध लागू पडतं ते दुसऱ्याला कधीकधी वाढवतं. सोनोग्राफीत खडा डाव्या मूत्रवाहिनीच्या अगदी खालच्या टोकाला, मूत्राशयाच्या तोंडाशी अडकलेला दिसत होता. 5 मिलिमीटर. एवढा बहुधा आपोआप पडतो. नळी सैल करणारी गोळी दिली, दुखण्यावर गोळी दिली, ताप आला तर घरी थांबायचं नाही, रात्र असली तरी यायचं, हे दोनदा बजावलं. अडकलेल्या खड्यामागे लघवी तुंबते आणि त्यात जंतू वाढले तर जिवावर बेततं. आणि म्हणाले, "लघवी गाळून करा. सापडला तर टाकू नका."

गाळायची कशानं? दवाखान्यात गाळणी नव्हती. चहाच्या गाळणीची भोकं मोठी असतात, शिवाय घरच्या भांड्याला कुणाचं मन धजत नाही. माझ्याकडे भरतकामाची सहा इंची रिंग होती. त्यात ब्लाउजच्या अस्तराला लागते ती बारीक जाळी दुहेरी ताणून बसवली आणि स्क्रू घट्ट केला. पाणी सर्रकन खाली जातं, मोहरीच्या दाण्याच्या चौथाईएवढं काही असेल तरी वर राहतं. दर वेळी गाळायची, नळाखाली धुवायची, खिडकीत उन्हाला टांगायची. सहा दिवस हे केलं. सातव्या दिवशी सकाळी जाळीवर तो बसला होता.

मी त्याला बघतच राहिले. मिरीच्या दाण्यापेक्षा जरा लहान. रंग काळपट तपकिरी, जुन्या कातासारखा. हातशिलाई तपासायला मी भिंग ठेवते, त्यातून पाहिलं तर वर बारीक बारीक गोल फुगवटे एकमेकांना चिकटून बसलेले, तुतीच्या फळासारखे. एका कडेला पांढरट, खडूसारखा ठिपका. एवढ्याशा दाण्यानं मला जमिनीवर लोळवलं होतं. स्वच्छ पाण्यात विसळला, टिपकागदावर दिवसभर वाळवला आणि साध्या कागदाच्या पुडीत घातला.

आता लॅबचं. काउंटरवरची मुलगी विशीतली. पुडी पुढे केली तेव्हा तिनं नाक मुरडलं नाही की आवाज चढवून मागे विचारलं नाही. मला याची फार धास्ती होती, कारण मागे गर्दी होती आणि बाजारात सगळे ओळखीचे. तिनं हातमोजे घातले, पुडी उघडून पाहिली, म्हणाली, "काकी, छान वाळवून आणलात. पुष्कळजण सेलोटेपवर चिकटवून आणतात, मग त्याचा गोंद खड्याला लागतो आणि तपासणीत घोळ होतो." झाकणाच्या कोरड्या डबीत ठेवला, माझ्यासमोर नाव, वय, तारीख लिहिली, खडा पडून आला की ऑपरेशनमध्ये काढलेला हे विचारून तेही लिहिलं. पाणी, स्पिरिट काही घातलं नाही, कोरडाच पाठवला. पाच मिनिटांत काम झालं. या वागण्यासाठी मी पूर्ण गुण देते.

रिपोर्ट मोबाईलवर आला. दोन ओळी. कॅल्शियम ऑक्झलेट मोनोहायड्रेट 85 टक्के, कॅल्शियम फॉस्फेट 15 टक्के. पद्धत: एफटीआयआर. बाकी पानभर लॅबचे पत्ते.

इथेच मी एक तारा कापला. 1,400 रुपये घेता, तर या दोन ओळींचा अर्थ साध्या मराठीत चार वाक्यांत लिहून द्यायला काय हरकत आहे? आमच्याकडे येणारी निम्मी माणसं रिपोर्ट घेऊन थेट मेडिकलवाल्याकडे जातात. फोन करून विचारलं तर "डॉक्टरांना दाखवा" एवढंच उत्तर. ते बरोबरच आहे, पण डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंतचे दहा दिवस मी हा कागद हातात घेऊन बसले होते.

नशीब की मुलगा रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. करतो. त्यानं सांगितलं की एफटीआयआर म्हणजे खड्याची पूड करतात आणि तिच्यातून इन्फ्रारेड किरण सोडतात. प्रत्येक पदार्थ आपापल्या ठरलेल्या लहरी शोषून घेतो, त्यामुळे जो आलेख उमटतो तो बोटाच्या ठशासारखा असतो. ठसे आधीपासून जमवलेले असतात, त्यांच्याशी ताडून बघतात. त्यानं आणखी एक सांगितलं ते मला फार आवडलं. युरिक आम्ल नावाचा पदार्थ माणसाला प्रथम सापडला तो मूत्राशयातल्या खड्यात, 1776 मध्ये, शेले नावाच्या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाला. 1810 मध्ये इंग्लंडमध्ये वोलास्टननं असाच एक खडा तपासला आणि त्यात सिस्टिन निघालं. आपल्याकडे तर सुश्रुतानं अश्मरीचे चार प्रकार केले आहेत, कफाची, पित्ताची, वाताची, शुक्राची, आणि प्रत्येकीचं रूप वेगळं सांगितलं आहे. म्हणजे खडा हातात घेऊन बघायचा हे जुनंच. मग आजच्या दवाखान्यात सगळ्यांना एकच झेरॉक्स का, असा प्रश्न मला पडला तो अजून सुटलेला नाही.

डॉक्टरांनी समजावलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते.

माझं माहेर पेडण्यात, आगरवाड्याला. वडील मिठागरात काम करायचे. भरतीचं पाणी आत घ्यायचं, कोंडायचं, एका खणातून पुढच्या खणात सोडत न्यायचं, ऊन पाणी आटवत राहतं. समुद्राचं पाणी साधारण दहाव्या हिश्शावर आलं की त्यात मीठ मावेनासं होतं आणि तळाला दाणा धरतो. वडील पायानं चाचपून सांगायचे, उद्या दाणा धरणार. डॉक्टर "लघवी संपृक्त होते" म्हणाले तेव्हा मला काही उमगलं नाही, मिठागर डोळ्यांपुढे आणलं तेव्हा सगळं उमगलं. लघवीत कॅल्शियम असतं, ऑक्झलेट असतं, फॉस्फेट, युरिक आम्ल असतं. पाणी भरपूर असेल तोवर सगळं विरघळून बाहेर जातं. पाणी आटलं की दाणा धरतो. पत्र्याखाली घाम गाळत, लघवी अडवून बसलेली मी म्हणजे मे महिन्यातलं मिठागरच झाले होते. फरक एवढाच की लघवीत सायट्रेट नावाचा एक राखणदार असतो, तो कॅल्शियमला धरून ठेवतो आणि दाणा धरू देत नाही. लिंबात, संत्र्या-मोसंब्यात तो असतो.

आणि कुठला दाणा धरणार हे लघवी आंबट आहे की नाही यावर ठरतं. पीएच म्हणजे आंबटपणाचा आकडा, जितका कमी तितकी लघवी आंबट. तो साडेपाचच्या खाली राहिला तर युरिक आम्लाचे खडे. फार वर गेला तर कॅल्शियम फॉस्फेटचे. जंतुसंसर्गात काही जंतू युरिया फोडून अमोनिया करतात, त्यातून स्ट्रुव्हाइट म्हणजे मॅग्नेशियम अमोनियम फॉस्फेटचे खडे होतात, ते भराभर वाढून अख्खं मूत्रपिंड भरतात. सिस्टिनचे क्वचित, ते आनुवंशिक. सगळ्यांत जास्त कॅल्शियम ऑक्झलेटचे, दहातले सात-आठ. माझाही त्यातलाच.

माझ्या घरातलंच दुसरं उदाहरण देते. माझे दीर वास्कोला असतात. त्यांचा खडा 11 मिलिमीटरचा, एक्स-रेत दिसला नाही, सोनोग्राफीत दिसला. लघवीचा पीएच सतत 5. आधी पडलेला तुकडा तपासला होता, शुद्ध युरिक आम्ल. त्यांना लघवीची आम्लता कमी करणारं औषध दिलं, पीएच साडेसहा ते सातच्या मध्ये ठेवायला सांगितलं, घरी पट्टीनं रोज तपासून वहीत लिहायचं. तारले-बांगडे आणि मटण कमी केलं. तीन महिन्यांत खडा विरघळला. ऑपरेशन नाही, लेसर नाही. मला वाटलं, तेच औषध मी घेते. डॉक्टर म्हणाले, नाही. तुमचा ऑक्झलेटचा आहे, तो औषधानं विरघळत नाही. तुम्हाला मी पोटॅशियम सायट्रेट देणार आहे, पण नवा बनू नये म्हणून, आणि बेतानं. तुमच्या खड्यात 15 टक्के फॉस्फेट आहे, पीएच सातच्या वर गेला तर त्याला आयतं रान मिळेल. मला आठवला तो खड्याच्या कडेचा पांढरट ठिपका. भावोजींनी "वहिनी, माझी अर्धी बाटली उरली आहे, घेऊन जा" म्हणून प्रेमानं दिली होती. घेतली असती तर?

दूध-दह्याचं काय ते मी डॉक्टरांना डोळ्यांत पाणी आणून विचारलं. खरंच आणून. चार वर्षं मी कॅल्शियमला भिऊन दही सोडलं होतं आणि जेवणातलं ऑक्झलेट मोकळं ठेवलं होतं. जेवणात कॅल्शियम असलं की ते आतड्यातच ऑक्झलेटला चिकटतं आणि दोन्ही शौचावाटे जातात. कॅल्शियम नसलं की ऑक्झलेट मोकळं सुटून रक्तात आणि तिथून लघवीत. इटलीत पाच वर्षं चाललेला एक अभ्यास 2002 मध्ये छापून आला. वरचेवर खडे होणाऱ्या पुरुषांत ज्यांनी कॅल्शियम नेहमीएवढं ठेवून मीठ आणि मांस कमी केलं त्यांना, कॅल्शियम तोडलेल्यांच्या मानानं, निम्म्यानंच खडे परत झाले. 2002! माझ्या हातात तो झेरॉक्स कागद पडला 2021 मध्ये. त्या दिवशी घरी जाऊन मी कपाटाच्या दारावरचा कागद काढला, चिकटपट्टीचा डाग अजून आहे. आणि भातावर वाटीभर दही घेतलं. सासूबाई बघत होत्या, काही बोलल्या नाहीत, आणखी एक पळी वाढली.

खड्याच्या तपासणीला जोडून चोवीस तासांच्या लघवीची तपासणी असते, ती याच लॅबनं केली, वेगळे पैसे घेऊन. ती करावी असं माझं ठाम मत आहे. खडा सांगतो काय बनलं, ही सांगते का बनलं. पाच लिटरचा कॅन देतात. सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची, घड्याळ लावायचं, तिथून दिवसभराची, रात्रीची सगळी त्यात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळची पहिली धरून थांबायचं. रविवार निवडू नका असं मी सांगेन. मी निवडला, घरी होते, पाणीही बरं प्यायले, तर डॉक्टर म्हणाले हा तुमचा खरा दिवस नव्हे. दुकानाच्या दिवशी परत करायला लावली. कॅन एका जाड पिशवीत घालून कापडाच्या तागांमागे ठेवला. आकडे असे: लघवी 1,050 मिली, हवी अडीच लिटर. सायट्रेट कमी. सोडियम 204 मिलिमोल. एक ग्रॅम मिठात साधारण सतरा मिलिमोल सोडियम, म्हणून डॉक्टरांनी तिथल्या तिथे सतरानं भागलं आणि म्हणाले, "ताई, तुम्ही दिवसाला 12 ग्रॅम मीठ खाता." जागतिक आरोग्य संघटना 5 ग्रॅमच्या आत म्हणते. मीठ जास्त झालं की मूत्रपिंड सोडियमबरोबर कॅल्शियमही लघवीत सोडतं. रक्तातलं कॅल्शियम आणि ते सांभाळणारं, गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोनही बघितलं, ते ठीक निघालं.

मिठागरातल्या माणसाची मुलगी, मीठ माझ्या जिभेवरच आहे. कुठून येत होतं ते शोधलं. डब्यात रोज लोणचं. आठवड्यातून तीनदा सुक्या सुंगटांची किसमूर. आणि आगळ. मी सोलकढी तब्येतीला चांगली म्हणून रोज प्यायचे, पण आगळ म्हणजे मिठात मुरवलेला भिरंडांचा, म्हणजे कोकमांचा रस, त्यात मीठ किती असतं हे करणाऱ्यालाच विचारा. आता बिनमिठाची सोलं भिजवून करते. भिरंडात हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल असतं, आणि 2016 मध्ये अमेरिकेत प्रयोगशाळेत या पदार्थानं ऑक्झलेटचे स्फटिक विरघळताना दिसले, हेही मुलानंच वाचून दाखवलं. ते काचेतलं आहे, माझ्या पोटातलं नव्हे, म्हणून मी सोलकढीला औषध म्हणत नाही. पण भिरंडांचं मला कौतुक वाटलं, ते वाटतंच.

भाज्यांत तांबडी भाजी (लाल माठ) आणि पालक यांत ऑक्झलेट खूप. तांबडी भाजी आमच्याकडे दिवसाआड. पूर्ण सोडली नाही, उकडून पाणी टाकते, त्यानं बरंच ऑक्झलेट निघून जातं, आणि त्या दिवशी दही नक्की. काजू परत सुरू केले, पण चार-पाचच. बिंबली मात्र बंद. हुमणात दोन-चार पडतात ते ठीक, पण वजन उतरेल म्हणून बिंबलीचा रस पेला पेला पिणाऱ्यांची मूत्रपिंडं बंद पडल्याच्या नोंदी केरळातल्या डॉक्टरांनी केल्या आहेत. करमलांचा (स्टारफ्रूटचा) रसही तसाच. पावसाळ्यात आपण तेरें (रानअळू) करतो, कच्चं राहिलं की घसा खाजतो. ती खाज कशाची? अळवाच्या पानात सुईसारखे स्फटिक असतात त्यांची, आणि ते स्फटिक कॅल्शियम ऑक्झलेटचेच. रिपोर्टवर जे नाव आहे तेच. लहानपणापासून जे घशाला टोचत आलं ते कुशीत टोचत होतं, हे कळलं तेव्हा मी मशीन थांबवून बसून राहिले.

कुळथाचं सार सासूबाई दोन्ही वेळा करून देत होत्या, केळीच्या सोपाचा रसही. त्यांना मी बंद करायला सांगितलं नाही. पेल्या-दोन पेल्यांनी पाणी पोटात जातं, मीठ तेवढं घालू नका म्हटलं. टोमॅटोला मात्र माझ्या बाबतीत काहीच दोष नव्हता. चार वर्षं बिनटोमॅटोचं सार खाल्लं.

पाण्याचं काय केलं तेही सांगते, कारण शौचालय नसेल तर "पाणी प्या" हे सांगणं फुकट आहे. शेजारच्या लॉजवाल्या बाईंशी बोलून त्यांच्या खालच्या मजल्यावरच्या बाथरूमची एक किल्ली घेतली. आम्ही सहाजणी मिळून महिन्याला साफसफाईचे पैसे देतो. आता मशीनच्या डाव्या अंगाला लिटरची बाटली असते, दुकान बंद करीपर्यंत ती दोनदा रिकामी व्हायला हवी, दुपारच्या पाण्यात अर्धं लिंबू, मीठ-साखर काही नाही.

डिसेंबरात चोवीस तासांची परत केली. लघवी 2,300 मिली, सोडियम 118, सायट्रेट वर आलं होतं. सोनोग्राफीत डाव्या बाजूला 3 मिलिमीटरचा एक जुना खडा आहे, होता तेवढाच. या वेळी काउंटरवर दुसरी मुलगी होती, तिला या तपासणीचं नाव माहीत नव्हतं, यादीत शोधायला वीस मिनिटं लावली. म्हणून जाताना "मुतखड्याची तपासणी" एवढंच म्हणू नका, त्याला बरेचजण लघवीची साधी तपासणी समजतात. "स्टोन ॲनालिसिस, एफटीआयआरनं" असं चिठ्ठीवर लिहून न्या, आणि काउंटरवर देण्याआधी खड्याचा मोबाईलवर एक फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून. पूड झाल्यावर तो परत मिळत नाही, आणि माझ्या डॉक्टरांनी रिपोर्टआधी फोटोच मागितला होता.

रिंग बाथरूमच्या खिडकीत टांगलेली आहे. जाळी गेल्या महिन्यात बदलली.